पाटाच्या पाण्यावरची मोहरी

आमचं शेत भडगाव तालुक्यात, गिरणेच्या पाटाखाली. मूग निघाल्यावर पहिल्यांदा एकरभर मोहरी पेरली, तेव्हा पाट सुटला की वाफे तुडुंब भरायचे, एवढंच मला माहीत होतं. झाडं खांद्याला लागली, शेत पिवळंधमक झालं आणि हाती आले तीन क्विंटल. शेंगा सोलून बघितल्या तर टोकाकडची निम्मी शेंग पोकळ. फार जीव जळाला.

दुसऱ्या वर्षी आधी खत बदललं. मी डीएपी टाकत होतो, त्यात गंधक नसतं. आणि तेलबियांना गंधक लागतंच. म्हणून पेरणीला एकरी दोन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट दिलं. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यावर, बी दोन किलो, दोन ओळींत अंतर दीड फूट.

खरी परीक्षा विरळणीची. अठराव्या दिवशी अर्ध्या फुटाला एक रोप ठेवून बाकीची उपटायला घेतली. माय बांधावरून ओरडली, "इतलं उपटी टाकं ते ऱ्हाई काय मंग?" माझेही हात अडखळत होते, कारण उपटलेलं रोपही हिरवंगार, तजेलदार होतं. पण पंधरा दिवसांत राहिलेल्या झाडांना बुंध्यापासून फांद्या फुटल्या, तेव्हा तीच माय फांद्या मोजत बसली.

पाणी दोनदाच दिलं, एक फुलं लागताना आणि दुसरं शेंगा भरताना. पहिलं पाटाच्या आवर्तनात बसलं, दुसऱ्याला विहिरीची मोटर चालवली. वाफे मोडून सऱ्या केल्या होत्या. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मोहरी पिवळी पडते, हे आदल्या वर्षी पाहिलं होतं.

डिसेंबरच्या शेवटी ढगाळ हवा आली आणि बांधाकडच्या शेंड्यांवर मावा दिसला, बारीक राखी किडे देठाला गच्च चिकटलेले. ते शेंडे तोडून पिशवीत भरले नि बाहेर नेऊन गाडले, मग संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. दिवसा फवारायचंच नाही, फुलांवर मधमाश्या असतात.

बहुतेक शेंगा पिवळ्या पडल्या तसं दव असतानाच भल्या पहाटे कापणी सुरू केली, ऊन चढलं की शेंगा तडकून दाणे मातीत जातात. खळ्यावर वजन झालं, सहा क्विंटल दहा किलो. मायने पसाभर दाणे पदरात बांधून घेतले, घरच्या फोडणीला.