तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन तयार आहे, मग धावत का नाही?

शेडमध्ये आलेला पाहुणा आधी आम्ही दुरुस्त केलेल्या जुन्या वाफेच्या इंजिनाभोवती एक फेरी मारतो, चाकाला हात लावून बघतो, फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवर, चढून वाफ सोडायचा रेग्युलेटर धरून फोटो काढतो आणि खाली उतरता उतरता विचारतो, "एवढं सगळं केलंत, मग चालवत का नाही?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्याचं आहे: रूळ नाहीत. पण तेवढं सांगितलं की पाहुणा दाराबाहेर बघतो आणि बाहेर तर रूळ दिसत असतात. म्हणून आता जरा ऐसपैस सांगतो.

वाफेचं इंजिन दुरुस्त करायचं म्हटलं की सगळ्यांचा जीव बॉयलरवर. आमचाही होता. फायरबॉक्सची, म्हणजे आगीच्या पेटीची, आतली भिंत आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं पाणी असतं, आणि या दोन भिंतींना शेकडो स्टे-बोल्ट एकमेकींशी बांधून ठेवतात. फायरबॉक्समध्ये उकिडवं बसायचं, हातोडीने एकेक स्टे वाजवायचा. धड स्टे खणकन वाजतो, मोडलेला बद्द. शंभरेक स्टे झाले की कान इतका तयार होतो, की बद्द आवाज आल्यावर हात आपोआप खडूकडे जातो. बऱ्याच स्टेंच्या टोकाला मुद्दाम एक बारीक भोक पाडलेलं असतं. आत स्टे तडकला की त्या भोकातून पाणी पाझरतं, म्हणजे स्टे स्वतःच चुगली करतो. मला या यंत्रातली सर्वांत हुशार गोष्ट कोणती असं विचाराल तर मी या भोकाकडे बोट दाखवेन.

स्टे झाले, ट्यूबा बदलल्या, पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने जागोजागी मोजली, की पाण्याची चाचणी. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. वाफेने का नाही? पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे काही फुटलंच तर पिचकारी उडते आणि दाब तिथेच पडतो. वाफ फुटली तर शेड जागेवर राहत नाही. १९९५ साली अमेरिकेत गेटिसबर्गजवळ सहलीच्या गाडीच्या इंजिनात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी खाली गेली, फायरबॉक्सचं छत उघडं पडून तापलं आणि दबून खाली आलं. फूटप्लेटवरचे तिघे भाजले. त्यानंतर तिथले नियम नव्याने लिहिले गेले: १४७२ दिवस सेवा किंवा १५ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासायचा. ब्रिटनमध्ये ही मुदत साधारण १० वर्षांची.

आता या मुदतीकडे नीट बघा, कारण आमची गोची तिथेच आहे. वर्षांचं घड्याळ चाचणीच्या दिवशी सुरू होतं. इंजिन धावो अथवा शेडमध्ये धूळ खात उभं राहो, ते थांबत नाही. आम्ही सात वर्षं घालून बॉयलर पास करून घेतला, पेढे वाटले आणि मग रूळ शोधायला निघालो.

पहिली जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या खाणीची सायडिंग, म्हणजे खाणीत जाणारा रुळांचा फाटा. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, जुळत होतं, मालक राजी होता, खडीतून गवत वर आलं होतं पण रुळांखालचे स्लीपर ठीक वाटले. निम्म्या वाटेवर एक वळण होतं. वळणाची त्रिज्या मोजायला यंत्र लागत नाही, दोरी लागते. २० मीटरची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन्ही टोकं टेकवून ताणायची आणि बरोबर मध्यावर दोरी ते रूळ अंतर मोजायचं. ५० सेंटीमीटर आलं तर त्रिज्या १०० मीटर. अंतर वाढलं की वळण आवळलं. आमच्या इंजिनाच्या जुन्या ड्रॉइंगवर किमान १०० मीटर लिहिलेलं आहे. मी पट्टी धरली, ६२ आलं. जोडीदार म्हणाला, दोरी सैल असेल. परत ताणली. ६२. दहा पावलं पुढे जाऊन मोजलं, तिथे ६३. म्हणजे ८० मीटर. आमची एकमेकांना जखडलेली सहा चाकं त्या वळणात गेली असती तर एक तर रूळ पसरले असते, नाही तर चाक वर चढलं असतं. पाच मिनिटांचं, सुतळीच्या भावाचं काम. ते सात वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, रूळ ६१० मिलिमीटरचे आणि वळणं अशी की गाडीची शेपटी खिडकीतून दिसावी. तिथली इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून घेतली ती क्लीन-लिंडनर आसाची: चाकं एका पोकळ आसावर बसवलेली, ज्यामुळे टोकाची चाकं वळणावर थोडी सरकू आणि वळू शकतात. म्हणजे वाट बघून इंजिन बनवलं होतं. आम्ही इंजिन बनवून वाट बघत बसलोय.

वळण जुळलं तरी वजन आहेच. पुलाला गाडीच्या एकूण वजनापेक्षा एका आसावर येणारं वजन जास्त महत्त्वाचं. त्यात वाफेच्या इंजिनाची आणखी एक खोड: पुढे-मागे धावणारे पिस्टन आणि दांडे सावरायला चाकात जादा वजन ओतलेलं असतं आणि वेग वाढला की ते वजन चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला रुळावर घणासारखं आदळतं. डिझेलचं तसं नसतं. त्यामुळे 'तेवढ्याच वजनाचं डिझेल इथून रोज जातं' हा युक्तिवाद पुलाच्या इंजिनिअरसमोर करू नये. मी केला होता.

मग मोठ्या लाइनवर का नाही, हा पुढचा प्रश्न. तिथे वर विजेची तार असते, टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, चढून कोळसा पुढे ओढायची सोय राहत नाही. पाण्याचे स्तंभ कधीच गेले, टँकर न्यावा लागतो. इंजिनाचं तोंड फिरवायचं टर्नटेबल नाही, म्हणजे परतताना उलट्या तोंडाने. आणि दर काही मिनिटांनी गाड्या सुटणाऱ्या मार्गात आमच्या म्हातारीला कोण वेळ देणार? तरी काहींना मिळतो. १८५५ सालच्या फेअरी क्वीन या इंजिनाला १९९७ पासून दिल्ली-अलवर धावता आलं, कारण तिचं गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे आजच्या मुख्य लाइनचंच. मीटरगेजच्या इंजिनांचं नशीब उलटं. १९९२ पासून भारतात एकच गेज करायचं धोरण आलं आणि त्या मापाची वाटच हळूहळू उखडली गेली. धडधाकट वायपी आणि वायजी ही मीटरगेज इंजिनं चौथऱ्यांवर रंगवून उभी आहेत ती त्यामुळेही. त्यांचा बॉयलर कुणी केला तरी ती जाणार कुठे?

काही लोक मात्र हट्टाला पेटतात. अमेरिकेत बिग बॉय ४०१४ हे १९४१ सालचं अजस्र इंजिन पोमोनाच्या संग्रहालयातून बाहेर काढायचं होतं. मध्ये पार्किंगची जागा. मग रुळांचे तयार तुकडे डांबरावर मांडायचे, इंजिन त्यावरून पुढे ओढायचं, मागचे तुकडे उचलून पुन्हा पुढे मांडायचे, असं करत ते लाइनवर नेलं. २०१९ साली ते धावलं. वेल्समध्ये फेस्टिनिओग रेल्वेचा जुना मार्ग धरणाच्या पाण्यात गेला तेव्हा स्वयंसेवकांनी १९६५ पासून तेरा वर्षं खपून डोंगरातून वळसा काढला. उंची गाठायला त्यात रुळांचं एक पूर्ण वेटोळं आहे, स्वतःवरूनच जाणारं. शेजारची वेल्श हायलँड १९३७ साली बंद पडलेली, ती पुन्हा बांधली आणि तिच्यावर इंजिनं आणली दक्षिण आफ्रिकेतून. तिथले दोन फुटी मार्ग बंद झाले आणि गॅरेट जातीच्या इंजिनांना जवळपास त्याच गेजचं घर दुसऱ्या खंडात मिळालं. त्यातलं १४३ नंबरचं १९५८ सालचं, बायर पीकॉक कंपनीने बांधलेलं शेवटचं गॅरेट. मँचेस्टरहून आफ्रिकेला आणि आफ्रिकेहून वेल्सला.

आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. शेडबाहेर तुम्हाला जे रूळ दिसतात ते १८० मीटर आहेत. वर्षातून दोनदा इंजिन पेटवतो. आदल्या दिवशी सकाळी छोटी आग करायची आणि अख्खा दिवस बॉयलर नुसता कोमट होऊ द्यायचा, घाई केली तर पत्रे असमान फुगतात आणि मेहनतीने बसवलेले स्टे पाझरू लागतात. दुसऱ्या दिवशी १८० मीटर पुढे, १८० मीटर मागे. मुलं खूश होतात. मी बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरून नजर हलवत नाही.

सध्या आणखी एक जागा बघतोय. वळणं दोन, दोरी लावून आलो: ४१ आणि ४४. स्लीपरमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, दर पाचात एखादा मऊ निघतो, तेवढे बदलता येतील. मध्ये एक लोखंडी पूल आहे आणि त्याच्यावरची वजनाची पाटी कुणी तरी भंगारात विकलेली दिसते. त्याचं मूळ ड्रॉइंग मागायला अर्ज केलाय. बॉयलरच्या मुदतीतली तीन वर्षं संपली.