नोडल अ‍ॅनालिसिस, तिसरा रविवार: ब्रिज सुटला, पण आधी उलटा

नोडल अ‍ॅनालिसिस म्हणजे सर्किटमधल्या प्रत्येक जोडबिंदूचं (नोडचं) व्होल्टेज समीकरणांनी काढायचं. मागच्या दोन रविवारी जे सोडवलं ते सिरीज-पॅरलल करूनही सुटलं असतं, म्हणून आज मुद्दाम व्हीटस्टन ब्रिज (दोन बाजूंना रेझिस्टरच्या जोड्या, मधे एक आडवा रेझिस्टर) घेतला, तोही बॅलन्स नसलेला, म्हणजे मधल्यातून करंट वाहणारा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिच्या प्लसपासून अ नोडला १ के (किलोओहम) चा रेझिस्टर, अ पासून ग्राउंडला २.२ के, दुसऱ्या बाजूने प्लसपासून ब नोडला ३.३ के, ब पासून ग्राउंडला १ के आणि अ-ब च्या मधे ४.७ के.

हा मधला काढला तर काहीच नाही, दोन साधे डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणाऱ्या जोड्या), अ ला ६.१९ आणि ब ला २.०९ व्होल्ट. मधला आला की सिरीज कुठलं नि पॅरलल कुठलं तेच कळेनासं होतं. स्टार-डेल्टाने (रेझिस्टरचा त्रिकोण ताऱ्याच्या आकारात बदलून) होतं माहितीय, पण ते फॉर्म्युले माझ्या डोक्यात आजवर टिकले नाहीत. मेशने (प्रत्येक बंद लूपचा करंट काढत) गेलो तर तीन लूप, तीन समीकरणं. नोडलला दोनच, कारण वरचा नोड बॅटरीने ९ ला बांधून ठेवलाय, ग्राउंड शून्य, उरले अ आणि ब.

तर पहिल्या फटक्यात उत्तर आलं अ = ६.७८, ब = २.७५. कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं, तेच. बरं वाटलं, वहीत चौकटही केली. मग ब्रेडबोर्डवर रेझिस्टर खोचताना लक्षात आलं की अरे, अ वरून ब कडे करंट निघून चाललाय, म्हणजे अ ६.१९ च्या खाली यायला पाहिजे, माझा वर कसा काय चढला? शोधलं तर अ च्या समीकरणात (ब − अ)/४.७ लिहून बसलो होतो. आता स्वतःला लावून घेतलंय, ज्या नोडवर उभा आहे त्याचं व्होल्टेज आधी, समोरच्याचं नंतर, सगळे करंट बाहेर जाणारे धरायचे नि बेरीज शून्य:

(अ − ९)/१ + अ/२.२ + (अ − ब)/४.७ = ०
(ब − ९)/३.३ + ब/१ + (ब − अ)/४.७ = ०

ओहमच्या जागी थेट के ठेवले की करंट मिलिअँपमधे येतो, शून्यं मोजत बसायला नको. आता अ = ५.७३, ब = २.६०, मधून ०.६७ मिलिअँप. अ खाली आला, ब वर गेला, असंच पाहिजे.

मीटरने मोजलं तर ५.६६ आणि २.५५. थोडा हिरमुसलो, मग बॅटरीच मोजली तर लोडवर ८.८६ दाखवत होती. सर्किट लिनियर आहे त्यामुळे सगळं त्याच प्रमाणात खाली, म्हणजे ५.६४ आणि २.५६. उरलेला फरक सोनेरी पट्टीवाल्या ५ टक्क्यांच्या रेझिस्टरना माफ.

पुढे सुपरनोड करायचा होता, ४.७ के काढून तिथे दोन पेन्सिल सेल, प्लस अ कडे. सेलमधून किती करंट जातोय ते आधी माहीत नसतं, म्हणून अ आणि ब दोन्हीला एकच गठ्ठा (हाच सुपरनोड) धरून केसीएल, म्हणजे बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज शून्य हा नियम, लावायचा नि जोडीला अ − ब = ३. आलं ५.६७ आणि २.६७. पण मग अ वर हिशोब केला तर ०.७५ मिलिअँप सेलच्या प्लसमधे आत शिरतोय! म्हणजे साधे अल्कलाइन सेल चार्ज होणार, जे करायचं नसतं. नशीब आधी कागदावर केलं. तसं बघायला गेलं तर सरळ आहे, मधे काहीच नसताना अ-ब मधे ४.०९ व्होल्ट आहेत, ३ चा सेल तिथे मार खाणारच. तीन सेल लावले, ४.५, तर कागदावर ०.२८ मिलिअँप सेलमधून बाहेर येतो.

तीनचा होल्डर घरात नाहीये, दोनचा आहे आणि एकचा आहे, ते वायरने जोडतोय. रीडिंग पुढच्या रविवारी टाकतो.