जमलेलं लग्न आणि चालू गोळी

पुसद तालुक्यातली ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा डोक्यावर, भुवयांना, पापण्यांना एकही केस नव्हता. गावात चाईला ‘किडा लागला’ म्हणतात. लसूण चोळून चोळून डोक्याची कातडी भाजलेली, आणि कुणीतरी महिनोन्‌महिने स्टेरॉइड चारल्यामुळे चेहरा सुजलेला. चिठ्ठीवर स्वतःचं नावही न लिहिता असल्या गोळ्या देणाऱ्यांचा मला संताप येतो.

किडा नसतोच. आपल्याच पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांवर उठतात. त्यांना हल्ल्याचा निरोप पोचवणारी ‘जॅक’ नावाची विकरं अडवता येतात, हे कळल्यापासून आमच्या हातात काहीतरी आलं. ती अडवणाऱ्या गोळ्यांपैकी बॅरिसिटिनिब 2022 मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मंजूर झाली. मी त्याच गटातली टोफॅसिटिनिब निवडली. चाईसाठी तिला अधिकृत मंजुरी नाही, पण त्वचारोगतज्ज्ञ ती वापरतात.

या गोळीने प्रतिकारशक्ती दबते, म्हणून आधी क्षयाची तपासणी. मान्टूची सुई दिली तो हात टरारून आला. म्हणजे अंगात क्षयाचे जंतू होते. एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे ते झोपलेले. त्यांच्यावर रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध द्यावं तर त्याने यकृत टोफॅसिटिनिबला इतक्या झपाट्याने मोडतं की ती रक्तात उरतच नाही. म्हणून क्षयाचंच दुसरं औषध, एकटं आयसोनियाझिड सुरू केलं, आणि त्यावर महिना गेल्याशिवाय जॅकची गोळी नाही म्हणून सांगितलं. वडील वैतागले. ‘‘केसाचा इलाज कराले आलो म्याडम, छातीचा कायले?’’ मी तो महिना सोडला नाही, याचा मला अभिमान आहे.

आधी भुवया उमटल्या. मग डोक्यावर पांढुरकी लव, मग दाट काळे केस.

परवा वडील पेढे घेऊन आले. ‘‘पोरीचं जमलं. आता गोळ्या बंद करून टाका.’’ तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे. पाहुण्यांना आजाराबद्दल सांगितलेलं नाही.

गोळी थांबवली की चाई बहुतेकदा परत येते. आणि गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, शेवटच्या गोळीनंतरही निदान 4 आठवडे. हे सुरुवातीलाच समजावलं होतं, पण तेव्हा घरात लग्नाचा विषयच नव्हता. आपल्याकडे नव्या सुनेला वर्षाच्या आत ‘काही हाय का?’ विचारायला लागतात.

वडिलांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलले. बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, ‘‘मी त्यायले फोनवर सांगतो. बाबाले सध्या नका सांगू.’’

सांगावं, असंच माझं मत आहे. सासरी गोळ्या लपवून घेणं मला धोक्याचं वाटतं. पण मुलाकडून नकार आला तर झळ तिलाच, मला नाही. सध्या गोळी चालू ठेवली आहे. मुलाची तयारी असेल तर लग्नाआधी दोघांना एकत्र बोलावून मूल कधी हवं ते ठरवायचं आणि गोळी त्या हिशेबाने थांबवायची. गरोदरपणात चाई उलटली तर लावायची औषधं आणि डोक्यातली इंजेक्शनं एवढंच उरतं, आणि इतक्या पसरलेल्या चाईला ते पुरत नाही. हेही त्या मुलाला मीच सांगणार आहे.