सही करणाऱ्या बाईंचं मत

लोकांना वाटतं, मत द्यायची तऱ्हा एकच. बोटाला शाई, बटण, पीऽऽप, आणि बाहेर येऊन बोटाचा फोटो. ड्युटी लागलेल्या मास्तराला विचारून बघा. मत सोबत्याच्या हाताने देता येतं. नोंदवहीत सही करून, बटण न दाबता परत जाता येतं. आणि एक मत असं असतं की ते रीतसर घेतलं जातं, लिफाफ्यात घालून सील केलं जातं आणि मोजलं मात्र जात नाही. कागदोपत्री त्याला प्रदत्त मत म्हणतात, केंद्रावर सगळे टेंडर व्होट म्हणतात. प्रशिक्षणात त्याची स्लाइड येते तेव्हा हॉलमधल्या निम्म्या लोकांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे गेलेलं असतं. इतक्या वर्षांच्या ड्युटीत ते मत मी स्वतःच्या हाताने एकदाच घेतलं.

तारीख १८ डिसेंबर २०२२, रविवार. राज्यात सात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात केंद्राध्यक्ष होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढचं सगळं कुणाचं ते तिथले लोक एका मिनिटात ओळखतील.

सकाळी साडेसातला मतदान सुरू व्हायचं, म्हणून त्याआधी अंधारातच मॉक पोल उरकला. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर बटणं दाबायची, मोजून दाखवायची, मशीन क्लिअर करायचं, सील लावायचं, सह्या घ्यायच्या. गावात दोन पॅनेलं. प्रतिनिधी एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते. एकाच गोष्टीवर एकमत होतं. त्या रात्री फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल होती, अर्जेंटिना आणि फ्रान्स, आणि दोन्ही पॅनेलं मेस्सीची. कोल्हापूर फुटबॉलवेडं, बाहेरच्यांना यातली गंमत कळायची नाही.

ग्रामपंचायतीचं मशीन विधानसभेसारखं नसतं आणि तिथूनच दिवसाचा गोंधळ सुरू होतो. आमच्या प्रभागात दोन सदस्य निवडायचे होते, शिवाय सरपंच. लोकांनी थेट निवडलेला सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. मतदाराने काय काय लक्षात ठेवायचं? तर प्रत्येक मतदाराने तीन मतं द्यायची, प्रत्येक जागेला एक. सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्याशिवाय लांब पीऽऽप वाजत नाही. कुणी पसंत नसेल तर त्या जागेपुढचं नोटा दाबायचं, पण दाबायचं. लोक आत जातात, आपल्या माणसाचं एक बटण दाबतात आणि मोकळे होऊन चालायला लागतात. तीन नंबरच्या मतदान अधिकारी बाईंचा दिवसभर एकच घोष होता: "काका, थांबा! अजून दोन राहिली!" एक काका पडद्याआडून म्हणाले, "बाकीच्या दोघांना माझं मत न्हाई, वाजंल तवा वाजू दे." त्यांना नोटा समजावून सांगताना दारापर्यंत रांग लागली. मशीनजवळ जाऊन दाखवता येत नाही, नमुन्याच्या कागदावर बोट ठेवून सांगायचं.

मग एक कॉलेजचा पोरगा. "सर, माझी चिठ्ठी दिसली नाही. सात सेकंद दिसायला पाहिजे." त्याचं म्हणणं बरोबर होतं, निवडणूक चुकली होती. व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, लोकसभा-विधानसभेला असतं. त्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन वेगळी घरं, वेगळे नियम. हे फरक पदवीधरांनाही माहीत नसतात, आणि मला वाटतं की ते शाळेत आम्ही नीट शिकवतही नाही. त्याच फरकापायी एका म्हाताऱ्या आबांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणावं लागलं. मुलगा चिडला होता: "विधानसभेच्या पोटनिवडणुकीला शहरात घरी जाऊन मत घेतलं की. आमच्या आबांनीच काय घोडं मारलंय?" ती सोय या निवडणुकीला नाही, हे त्याला सांगताना मलाच बरं वाटेना. आबा मात्र खूश होते. खुर्चीत बसून सगळ्या गल्लीचा नमस्कार घेत आले होते.

सोबत्याचं प्रकरण नाजूक असतं. दृष्टी नसलेल्या किंवा हात चालत नसलेल्या मतदाराला आपल्या विश्वासाचा एक सज्ञान माणूस आत नेता येतो. सोबती लिहून देतो की मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही. सकाळी एक तरणा गडी आजीला घेऊन आला. आजीला खरंच दिसत नव्हतं. काम झालं. तासाभराने तोच गडी दुसऱ्या आजीला घेऊन हजर. "या माझ्या चुलत आजी." असतीलही. मी त्याला बाहेर बसवला आणि आजींना विचारलं, "आजी, चिन्ह दिसतंय का?" आजी म्हणाल्या, "दिसायला काय झालंय? ह्यो म्हणाला चल, म्हणून आलो." आत एकट्या गेल्या, तीनही बटणं दाबली, पहिल्या फटक्यात पीऽऽप. त्या गड्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या पॅनेलच्या प्रतिनिधीला हसू आवरेना.

दुपारी दोनच्या सुमाराला गर्दी ओसरली, आणि त्या बाई आल्या. चाळिशीच्या असाव्यात, पदर खोचलेला, हातात आधार कार्ड आणि स्लिप. एक नंबरच्या मतदान अधिकाऱ्याने अनुक्रमांक वाचला, यादीवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. नावाखाली रेघ होती. मत होऊन गेलं होतं.

"ताई, तुमचं मतदान झालंय."

"माझं? मी तर आत्ता शेतातनं आली."

बोटाला शाई नव्हती. मी नोंदवही मागवली. तो अनुक्रमांक सकाळी गर्दीच्या वेळचा, आणि सहीच्या रकान्यात निळा अंगठा. बाईंनी वही आपल्याकडे ओढली, वाकून बघितलं आणि सरळ झाल्या. "मी बचत गटाची सचिव हाय, सर. बँकेत माझी सही चालते. अंगठा माझ्या सासूचा असतो, माझा न्हाई."

मग जे व्हायचं ते झालं. हे म्हणाले त्यांनी बोगस टाकलं, ते म्हणाले यांनी. मी दोन्ही प्रतिनिधींना एकच विचारलं. नाव मोठ्याने पुकारलं जातं ते तुमच्यासाठीच, अंगठा उठला तेव्हा तुम्ही इथेच बसला होता, आक्षेप का नाही घेतलात? प्रतिनिधीला मतदाराच्या ओळखीवर तिथल्या तिथे हरकत घेता येते. केंद्राध्यक्ष चौकशी करतो, माणूस खोटा निघाला तर पोलिसांच्या ताब्यात जातो. ती वेळ निघून गेली की हातात काही राहत नाही. सकाळचा अंगठा कुणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकाच आडनावाची अर्धी गल्ली, नवऱ्याचं नावही तेच असलेल्या दोन-तीन बायका. मुद्दाम की घोटाळ्याने, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

या बाई त्याच, एवढं मात्र दोन्ही पॅनेलनी मान्य केलं. आधार जुळलं, घर नंबर जुळला, मी विचारलं तेवढ्या सगळ्याची उत्तरं बरोबर आली. अशा वेळी खऱ्या मतदाराला परत पाठवायचं नसतं. मशीनवर मात्र त्यांना बसवता येत नाही, कारण त्या क्रमांकाचं मत आत गेलेलं असतं आणि मशीनमधलं कोणतं मत कुणाचं हे कुणालाच काढता येत नाही. काढता आलं असतं तर गुप्त मतदान कसलं? त्यांच्यासाठी कागद असतो. मी पाकिटातून मतपत्रिका काढल्या, सरपंचाची एक, सदस्यांच्या दोन, वेगवेगळ्या रंगांच्या. मागे पेनाने लिहिलं, 'प्रदत्त मतपत्रिका'. फुलीचा रबरी शिक्का आणि पॅड दिलं.

बाईंनी कागद हातात घेतले, पण हलल्या नाहीत. "हे कोण मोजणार?"

इथे दोन उत्तरं देता येतात. बरेच जण "तुम्ही टाका, वर बघतील" म्हणून वेळ मारून नेतात. मला ते पटत नाही. मी सांगितलं, "मोजणीच्या दिवशी हे कुणी उघडणार नाही. कोणी १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने सांगितलं, तरच."

"आणि त्यो अंगठा? त्यो मोजणार?"

"हो."

खोलीत कुणी बोलेना. पोलीसदादासुद्धा दारातून आत बघायला लागले. मला वाटलं, आता कागद टेबलावर टाकून जाणार, आणि गेल्या असत्या तरी मी काय बोलणार होतो? बाईंनी मतपत्रिका नीट जुळवल्या, शिक्का उचलला आणि पडद्याआड गेल्या. चांगला वेळ लावला. पॅडवर शिक्का दाबल्याचा आवाज तीन वेळा आला. बाहेर आल्या तेव्हा प्रत्येक कागदाची वेगळी घडी, शाई उमटून पलीकडे लागू नये अशी उभी. पूर्वी कागदावर मतं व्हायची तेव्हाची घडी. ती आताच्या पोरांना येत नाही. लिफाफा माझ्यासमोर त्यांनीच बंद केला. प्रदत्त मतांच्या यादीत सही घ्यायची असते. पेन हातात घेऊन एक नंबरच्या अधिकाऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "सही करू, का अंगठा देऊ?" आणि नाव, वडलांचं नाही, नवऱ्याचं, आडनाव, असं पूर्ण लपेटदार लिहिलं. रकान्यात मावलं नाही, शेजारच्या रकान्यात गेलं.

साडेपाचला रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या, मशीन बंद केलं, हिशेब जुळवला. साहित्य जमा करायच्या ठिकाणी ही गर्दी, आणि टेबलावरच्या निम्म्या लोकांचे डोळे मोबाइलवर. तपासणाऱ्याने लिफाफे भराभर मोजले आणि एकावर थांबला. "हे काय? प्रदत्त? रिकामाच असतो की हा." मी म्हटलं, "आज भरलेला आहे." त्याने रजिस्टरमध्ये कुठे लिहायचं ते शोधायला साहेबांना बोलावलं, साहेबांनी पुस्तिका मागवली, आणि तेवढ्यात पेनल्टी शूटआउट सुरू झालं. अर्जेंटिना जिंकेपर्यंत माझी पोच निघाली नाही.

मोजणी २० तारखेला झाली. सरपंच भरघोस मतांनी आले, त्यात काही प्रश्न नव्हता. सदस्याच्या एका जागेचा निकाल मात्र दोन मतांनी लागला. आणि दोन हा आकडा फार वाईट. गावात पारावर गणित सुरू झालं: खोटं मत विजयी उमेदवाराला पडलं असेल तर त्याचं एक कमी, बाईंचं मत हरलेल्याला असेल तर त्याचं एक जास्त, झाली की बरोबरी! बरोबरी झाली की चिठ्ठी. हरलेल्या बाजूच्या एका कार्यकर्त्याने माझा नंबर मिळवून फोन केला. राजस्थानात २००८ च्या विधानसभेला नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने पडले आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, गेला खरा, पण तिथे आमदारकी होती. तुम्हाला जायचं तर तारीख मोजा, वकील गाठा. लिफाफा उघडणं माझ्या हातात नाही आणि तहसीलदारांच्याही नाही.

त्यांनी वकील गाठला. वकिलाने पहिला प्रश्न विचारला, बाईंनी मत कुणाला दिलंय? ते आपल्यालाच नसेल तर कोर्टात जाऊनही बरोबरी होणार नाही. म्हणून पॅनेलचे चार मोठे लोक बाईंच्या घरी गेले. दुसऱ्या बाजूचेही जाऊन आले म्हणतात. त्या गावच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला नंतर सांगितलं, बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "शिक्का मारून, सही करून दिलंय की. कोर्टाला सांगा उघडायला."

१५ दिवस गेले. कुणी गेलं नाही.