मीटरचा लाल दिवा

गेल्या गुरुवारी लाइट गेली. कोथरूडात गुरुवारी लाइट जाणं ही काही बातमी नाही. पण या वेळी यूपीएसने, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या डब्याने, एकदाच शिट्टी मारली आणि लेकीचा कॉम्प्युटर गेमच्या ऐन रंगात गपकन बंद. त्यानंतरची किंकाळी लेकीची.

तापकीर गल्लीत दुकानदार म्हणाला, "साहेब, एसएमपीएस साडेसातशेचा टाका, यूपीएस दीड केव्हीएचा. टेन्शनच नको." एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. आत आधीच ५५० वॉटचा आहे. त्यावरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा. तेवढी वीज तो रोज खातो असं नाही. म्हटलं, आधी मोजू.

कागदावरची बेरीज सोपी. रायझन ५ ५६०० प्रोसेसर फार तर ७६ वॉट, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड १७०, बाकी बोर्ड, रॅम, पंखे धरून चाळीसेक. २८६. पण सगळं एकदम पूर्ण ताकदीने क्वचितच पळतं.

मग आपला विजेचा मीटर आठवला. त्यावर छापलंय, युनिटला ३२०० वेळा दिवा लुकलुकणार. एक युनिट म्हणजे ३६ लाख वॉट-सेकंद, त्यातले दहा लुकलुकींच्या वाट्याला ११,२५०. म्हणजे दहा लुकलुकींना लागलेल्या सेकंदांनी ११,२५० ला भागलं की वॉट हातात. घरातला फ्रिज, पंखे, राउटर, सगळं बंद केलं. लेक वर कॉम्प्युटरपाशी, मी खाली पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीसमोर, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात लेकीचं स्टॉपवॉच. नुसता डेस्कटॉप उघडा असताना दहा लुकलुकींना १५० सेकंद: ७५ वॉट. अडीच मिनिटं एका दिव्याकडे बघत मी डासांना रक्त पाजलं. वॉचमनकाका येऊन म्हणाले, "फॉल्ट आहे का?" बोललो तर मोजणी चुकेल म्हणून नुसतीच मान हलवली. ते काळजीत पडून माझ्या शेजारीच उभे राहिले.

गेम चालू झाल्यावर ३४ सेकंद. ३३१ वॉट!

आता गंमत इथे आहे. यूपीएसला हा ३३१ चा पूर्ण भार उचलावा लागतो, मॉनिटरसकट. आमच्या यूपीएसवर क्षमता ६०० व्हीए लिहिलेली, म्हणजे प्रत्यक्षात तो ३६० वॉटचा, आणि बॅटरी तीन वर्षांची. किंचाळणारच बिचारा. एसएमपीएसचा हिशेब मात्र वेगळा: मॉनिटरचे २४ वजा केले, उरले ३०७, त्यातले साधारण पंधरा टक्के एसएमपीएसमध्येच उष्णता होऊन जातात, म्हणून आत पोचतात २६० च्या आसपास. ५५० ला हे निम्म्याहून कमी. कार्ड मधूनच क्षणभर उसळी मारतं, ती मीटरच्या दिव्यात दिसत नाही. तिच्यासाठीही यात जागा आहे.

एसएमपीएस बदलला नाही. यूपीएस १००० व्हीए, ६०० वॉटचा आणला. जुना राउटरला लावलाय. आठ-दहा वॉटना त्याच्या म्हाताऱ्या बॅटरीची काही तक्रार नाही.