घटना एक, कागद पाच

लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये मी पीडित बाईच्या शेजारी बसते. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात. तिथून एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. घटना एकदा घडते, पण सांगावी लागते निदान पाच वेळा: फिर्याद देताना, डॉक्टरांना, तपास अधिकाऱ्याला पुरवणी जबाबात, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणि शेवटी सत्र न्यायालयात. दर वेळी लिहिणारा हात वेगळा असतो. पुढे उलटतपासणीत हेच कागद शेजारी ठेवून तिला विचारतात, यांत फरक का? म्हणून पहिल्या दिवसापासून माझं लक्ष कागदावर काय उतरतंय याकडे असतं.

घटना ताजी असेल तर आधी दवाखाना. फिर्याद झाल्याशिवाय तपासणी होत नाही, हा समज चुकीचा आहे. पोलिसांचं पत्र नसलं तरी डॉक्टरांनी तपासायला हवं. उपचार सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने लगेच आणि मोफत द्यायचे असतात. नाकारले तर तो गुन्हा आहे. दवाखाना पोलिसांना कळवतोच, पण फिर्याद द्यायची नसेल तर तसं लिहून घ्यायला ती सांगू शकते. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, पण जितकी लवकर तितकी बरी. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. नमुने देईपर्यंत अंघोळ न केलेली बरी, केली असली तरी जावंच. अंगावरचे कपडे धुऊ नयेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात बांधू नयेत. आत दमट राहतं, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा.

तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि ती काही भागापुरती नाकारताही येते. त्या वेळी पोलीस खोलीत नकोत. 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून तिला आधी संबंधांची सवय आहे का हे पाहणं, कोणी करू लागलं तर स्पष्ट नाही म्हणावं. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१३ साली चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं बजावलं. डॉक्टर घाईत 'हकिकत' या रकान्यात दोन ओळी लिहितात. त्या दोन ओळीही पुढे पुरावा म्हणून वाचल्या जातात, हे त्यांना शांतपणे सांगावं लागतं. आणि अंगावर जखमा नाहीत म्हणून खचू नये. १९७२ साली मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला, त्या प्रकरणात जखमा नाहीत यावरून संमतीचा अर्थ काढला गेला, आरोपी पोलीस सुटले, आणि त्या संतापातूनच १९८३ साली कायदा बदलला.

आता फिर्याद. १ जुलै २०२४ पासून कायदे बदललेत. लोक अजून '३७६' आणि '१६४ चा जबाब' म्हणतात. भारतीय न्याय संहितेत बलात्काराची शिक्षा कलम ६४ मध्ये आहे आणि दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. नोंदवायचं टाळणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने सक्तमजुरीची तरतूद आहे. मी हे कलम ठाण्यात शिरताच काढत नाही, आधी विनंती. नाहीच ऐकलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे.

खरी अडचण लिहिण्यात आहे. ती सांगते, 'त्याने दाराला आतून कडी लावली, माझा हात मागे पिरगाळला, मी ओरडायला गेले तर तोंडावर उशी दाबली.' कागदावर येतं, 'आरोपीने फिर्यादीच्या इच्छेविरुद्ध जबरदस्तीने शारीरिक संबंध ठेवले.' 'मॅडम, कडी आणि उशीचं लिहा.' 'अहो, जबरदस्ती म्हटलं की त्यात सगळं आलं.' पण येत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर ती उशीबद्दल सांगते, कोर्टातही सांगते, आणि बचावाचा वकील म्हणतो, उशी फिर्यादीत नाही, म्हणजे नंतर रचली. वकिली भाषेत याला 'ओमिशन' म्हणतात, आणि केसेस त्यावर डळमळतात. म्हणून सही करण्याआधी पूर्ण वाचून दाखवायला सांगावं, राहिलेलं घालून घ्यावं. उशीर झाला असेल तर कारण त्याच फिर्यादीत यावं: भीती, घरच्यांचा दबाव, धमकी, जे खरं असेल ते. उशीर म्हणजे खोटेपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. जे आठवत नाही ते मात्र अंदाजाने भरू नये. वेळ नक्की आठवत नसताना 'रात्री ९:३० वाजता' असं कोणी लिहिलं, तर त्या साडेनऊवर पुढे तासभर प्रश्न येतात. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेऊनच बाहेर पडावं.

कलम १८३ चा जबाब शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांसमोर होतो, पोलिसांना बाहेर ठेवून. पुष्कळ जणींना वाटतं की हाच कोर्टातला पुरावा झाला, सुटलो. तसं नाही. पुरावा म्हणजे खटल्यात शपथेवर दिलेली साक्ष. आधीचे कागद ती साक्ष ताडून बघण्यासाठी.

मग येतो तारखांचा काळ. तपास दोन महिन्यांत आणि खटला दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत संपावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात प्रयोगशाळेचा अहवाल अडकतो, वकील बदलतो, न्यायाधीशांची बदली होते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नाही कळवलं तर लेखी विचारावं. जामिनाला विरोध करताना तिचंही म्हणणं ऐकलं जाऊ शकतं, पण तारीख तिला कोणी आपणहून सांगेलच असं नाही. सरकारी वकिलांच्या मदतीला आपला वकील देता येतो आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला, उत्पन्न कितीही असो, तो मोफत मिळतो. मनोधैर्य योजनेचा, म्हणजे पीडितेला सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा, अर्जही तिथेच. त्यासाठी निकालाची वाट पाहायची नसते. 'पैशासाठी केस केली ना?' असं कोर्टात विचारतील. अर्ज केला, कायद्याने मिळतं, एवढं खरं उत्तर पुरतं.

(मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा वेगळा कायदा, लागतो: पोलीस साध्या वेशात, आणि प्रश्न वकील थेट नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतात.)

साक्षीच्या दिवशी दालन बंद असतं. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा मागता येतो, मध्ये पाणी, विश्रांतीही. हे आधी सरकारी वकिलांकडून लेखी मागून ठेवावं, ऐन वेळी पडदा सापडत नाही. तिच्या चारित्र्यावर, आधीच्या संबंधांवर प्रश्न विचारायला कायद्याने मनाई आहे. तरी येतात, आणि सरकारी वकील हरकत घेईपर्यंत तिने थांबलेलं बरं. 'आठवत नाही' आणि 'प्रश्न समजला नाही' ही पूर्ण उत्तरं आहेत.

न्यायाधीश तिचं उत्तर वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. शेवटची वाक्यं ठरलेल्या साच्यात येतात: 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' म्हणजे तिने वकिलाचं म्हणणं नाकारलं. पण दोन तास उभं राहून थकलेल्या डोळ्यांना ते वाक्य उलटंच वाटतं, आणि टंकताना त्यातला 'नाही' गळला तर ती कबुली होऊन बसते. एखादा 'नाही' गळलेला दिसला तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना सांगता येतं, तेच दुरुस्त करतात. म्हणून साक्ष वाचून दाखवतात तेव्हा मी तिला आधीच सांगून ठेवते, प्रत्येक 'नाही' बोटाने मोज, मगच सही कर. आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क तिलाही आहे, पण वरच्या कोर्टात तिचा चेहरा कोणी पाहणार नाही, तिथे हा पाचवा कागदच वाचला जातो.