पंचवीस!!
आज जर्मनच्या क्लासला डोकं पार भणभणलं. चमचा डेअर म्हणजे तो, काटा डी म्हणजे ती, सुरी डास म्हणजे ते, एकाच ताटाशेजारच्या तीन वस्तू आणि तिघींचं लिंग वेगळं, नियम काय तर पाठ करा! सूर्य चक्क ती, चंद्र तो, आणि मुलगी म्हणजे मेडशेन ती नपुंसकलिंगी, यावर मागच्या बाकावरच्या काकू जाम चिडल्या, अख्खा वर्ग हसत सुटला. मॅडम म्हणाल्या शेवटी शेन लागलं की डासच, मग मला आपलं लेकरू, कोकरू आठवलं, ते पण ‘ते’च की.
नंतर आकडे. फ्युन्फउंडत्स्वान्त्सिश, आधी पाच मग वीस, अहो हे तर आपलं पंचवीस!! मॅडमनी भराभर आकडे सांगितले, वहीत एकही खाडाखोड नाही, इतकं भारी वाटलं ना.
आता डेअर निळ्या पेनाने, डी लाल, डास हिरव्या, लिहीत बसलेय.